बार्जमेन जिंकले त्या वर्षी

वॉल्ट दारात उभा होता. हातात ॲपल-पायचं ताट, अंगात बार्जमेनचा नारिंगी स्वेटर, आणि चेहरा असा की कुणाच्या तरी आजारपणाची बातमी घेऊन आलाय.

"त्रिश," तो म्हणाला, "तुमचं ते देऊळ रविवारी संध्याकाळी उघडं असतं का?"

"नाही वॉल्ट. पाचला बंद होतं."

"खास प्रसंगीसुद्धा नाही?"

"कसला खास प्रसंग?"

त्याने ताट माझ्या हातात दिलं आणि आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "फायनल संध्याकाळी आहे."

आतून आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आवाज आला. "कोण आलंय गं? वॉल्ट होय? त्याला सांग, या रविवारी मी येणार मॅच बघायला. बुधवारी तर मी चाललेच सांगलीला. जायच्या आधी एकदा पोटभर बघते म्हणावं."

"काय म्हणाल्या त्या?" वॉल्टने दचकून विचारलं.

"म्हणाल्या, आत या."

"नको, नको," असं म्हणत तो बर्फातून उलट्या पावलांनी आपल्या घराकडे गेला. पडला कसा नाही, कोण जाणे.

वॉल्ट आमचा शेजारी. माझं त्रिशला हे नाव त्याच्या तोंडी त्रिश झालं होतं. सगळी हयात त्याने नदीवर कोळशाचे बार्ज, म्हणजे मोठे सपाट पडाव, ओढणाऱ्या बोटी चालवल्या होत्या. आमच्या शहराच्या फुटबॉल टीमचं नावच बार्जमेन, त्यामुळे ते खेळाडू त्याला भाचेपुतणेच वाटत. हा तिकडचा फुटबॉल, म्हणजे चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर उड्या घालून पाडायचं. वॉल्टचं लग्न झाल्यापासून बार्जमेन एकदाही अजिंक्य ठरले नव्हते. वॉल्ट हे बायकोसमोर बोलून दाखवत नसे, पण दोन्ही गोष्टी एका दमात सांगायचा.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासरे, म्हणजे अण्णा, "थंडी कोण सोसणार" म्हणून धाकट्या मुलाकडे सांगलीतच राहिले. मी तेव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत धातूंच्या थकव्यावर काम करत होते. एकच हलका ताण पुन्हापुन्हा दिला, तर धातू कधी आणि कुठे तडकतो, हे बघायचं. दिवसभर मी यंत्रासमोर आणि आई घरात एकट्या. दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते लग्नापासून कधी नीटसं सुचलं नव्हतं. त्यामुळे मोसमाच्या पहिल्या रविवारी वॉल्टने आम्हा तिघांना आपल्या तळघरात मॅच बघायला बोलावलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

वॉल्टचं तळघर म्हणजे एक भला मोठा टीव्ही, तीन खचलेले सोफे आणि त्यावर बोटीवरचे त्याचे जुने सोबती. आई मधल्या सोफ्यावर नऊवारी सावरून, पायात मोजे घालून ताठ बसल्या. पाच मिनिटं त्यांनी काही न बोलता बघितलं.

"ही तर कबड्डी आहे की," त्या म्हणाल्या.

"आई, चेंडू आहे यात," माझा नवरा भरतेश म्हणाला.

"चेंडू असू दे. रेषा बघ. हे साखळी करून उभे राहिलेत, तो घुसतोय, ते पाय धरतायत. मी शाळेत कॅप्टन होते, मला शिकवतोस होय?"

अर्ध्या तासात त्यांना चार डाव, दहा यार्ड, सगळं कळलं. बार्जमेनच्या पुढच्या फळीत एक प्रचंड माणूस होता. मान अशी नव्हतीच, खांद्यावरच डोकं ठेवलेलं. आई त्याच्यावर बेहद्द खूश झाल्या. त्याचं नाव त्यांनी पैलवान ठेवलं. चेंडू लाथाडायला येणारा किडकिडीत खेळाडू मात्र त्यांना आवडला नाही.

"सगळी मारामारी पैलवानानं करायची," त्या म्हणाल्या, "आणि शेवटी हा बारका येऊन एक लाथ मारणार आणि नाव कमावणार."

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर तळघर हसून लोटपोट झालं. वॉल्टने उठून आईंशी हात मिळवला. पुढच्या रविवारी आईंनी डबाभर भडंग केला. आम्ही जैन, त्यातून आई कडक, त्यामुळे लसूण न घातलेला. चुरमुरे, दाणे, कढीपत्ता, तिखट, वरून चिमूटभर साखर. वॉल्टच्या सोबत्यांनी डबा चाटूनपुसून रिकामा केला. आई सूर्य मावळल्यावर काही खात नसत, मग त्या जगाच्या पाठीवर कुठेही असोत. पण खाणाऱ्यांकडे त्या अशा बघत होत्या की पोट त्यांचंच भरत होतं.

एवढं सगळं छान चाललं होतं. फक्त बार्जमेन हरत होते.

पहिल्या तीन मॅच हरले. चौथ्या रविवारी आई न्यू जर्सीला भाचीकडे गेल्या होत्या, तेव्हा जिंकले. पाचव्या वेळी आईंना ताप होता, त्या घरी झोपून होत्या. जिंकले. सहाव्या रविवारी आई बऱ्या होऊन, नवा भडंग घेऊन तळघरात उतरल्या आणि जिंकलेली मॅच शेवटच्या क्षणी हातातून गेली. चेंडू कुणी हिसकावलासुद्धा नाही, आपणहून सुटला.

टीव्ही बंद झाला. वॉल्टने आईंकडे बघितलं. मग बाकीच्यांनी एकेक करून. शेवटी भरतेशने. आई डब्याच्या तळाशी उरलेले दाणे गोळा करत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

ती नजर माझ्या ओळखीची होती.

"सहा मॅचवरून काहीही सिद्ध होत नाही," मी घरी आल्यावर भरतेशला म्हटलं.

"सिद्ध कुणाला करायचंय?" तो म्हणाला. "जिंकायचंय."

दुसऱ्या दिवशी त्याने आईंना सांगितलं, शेजारच्या शहरात जैन मंदिर आहे, तास-सव्वा तासाचा रस्ता, दर रविवारी दर्शन करून यावं, त्रिशला गाडीनं नेईल. आईंनी त्याच संध्याकाळी अण्णांना फोन लावला. "भरतेश किती बदललाय हो! दर रविवारी देवळात पाठवतोय. स्वतःला वेळ मिळत नाही बिचाऱ्याला, ऑफिसचं काम असतं."

बिचारा तळघरात न धुतलेली जर्सी घालून बसलेला असायचा.

आणि बार्जमेन सुटले. एकामागून एक जिंकत गेले. वर्तमानपत्रं नव्या प्रशिक्षकाला श्रेय देत होती. वॉल्ट मला कुंपणावरून अंगठा दाखवायचा. देवळात आई जपमाळ घेऊन डोळे मिटायच्या आणि मध्येच एक डोळा उघडून विचारायच्या, "आपल्या पैलवानाचं काय झालं असेल गं?" एकदा परत येताना मला राहवलं नाही, मी गाडीतला रेडिओ लावला. त्या दिवशी बार्जमेन हरले. भरतेशने वॉल्टला विचारलं. वॉल्टने रात्रभर विचार करून कळवलं की रेडिओसुद्धा बघण्यातच धरायचा.

अशा रीतीने आम्ही देवळात जाऊन जाऊन टीमला फायनलपर्यंत आणलं. आणि फायनल नेमकी देऊळ बंद झाल्यावर होती.

वॉल्ट ते ताट देऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आई मोठ्या कढईत भडंग परतत होत्या. भरतेश दोनदा स्वयंपाकघरात आला, "आई, थंडी फार आहे, उद्या तुझे गुडघे..." एवढं म्हणून दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा तो नुसता दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "तू जा. मी सांगते."

मी सांगितलं. पहिल्यापासून, क्रमाने, काही न वाढवता. आईंचा झारा चालत राहिला. मग त्यांनी गॅस बंद केला.

"म्हणजे दर रविवारी देऊळ, ते यासाठी होय?"

"हो."

"भरतेशची कल्पना?"

"हो."

"देवापुढं ठेवून येत होता मला. दाराबाहेर चप्पल काढून ठेवावी तसं." त्यांनी झारा कढईत ठेवला. "आणि मधे एकदा ते हरले की. त्या दिवशी मी देवळातच होते."

"त्या दिवशी आपण गाडीत रेडिओ लावला होता."

"मग?"

"वॉल्टच्या मते रेडिओ पण धरायचा."

आईंना हसू आलं. आलं तसं गेलं. "पनवती म्हणतात होय मला," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. मी नाही येत. तुम्ही जा."

पण संध्याकाळी वॉल्टचा फोन आला. सगळ्यांचा विचार झाला होता. आईंनी त्याच्याकडे यावं, वर स्वयंपाकघरात बसावं, तिथून टीव्ही दिसत नाही, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. आणि शक्य असेल तर भडंग आणावा.

"भडंग चालतो होय त्यांना?" आई म्हणाल्या. "भडंगाला पनवती लागत नाही?"

"नाही म्हणून सांगू का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "जाऊ या. पैलवान दिसला नाही तरी आरडाओरडा तरी ऐकू येईल."

रविवारी आईंनी चारलाच जेवून घेतलं. साडेसहाला आम्ही वॉल्टच्या मागच्या दाराने आत गेलो. भरतेश डबा घेऊन तळघरात उतरला, मान वर न करता. मीही खाली जाईन असं त्याने धरलं होतं. मी आईंच्या समोरची खुर्ची ओढली.

"तू जा की," आई म्हणाल्या.

"बसते इथंच."

खालून पहिली आरोळी आली. आईंनी चमकून जमिनीकडे बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. सुरू झाली मॅच."

थोड्या वेळाने लांबलचक, चढत जाणारा आवाज आला आणि मध्येच तुटला.

"पळत सुटला होता कुणीतरी," मी म्हटलं. "शेवटी पाडला."

मग एकदम स्फोट. पाय आपटणं, टाळ्या, कुणाची तरी बाटली सांडली.

"टचडाऊन."

"आपलं?"

"आपलं. त्यांचं असतं तर शांत झाले असते."

आईंनी पदराने तोंड पुसलं, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. मॅच वरखाली होत राहिली. मी आवाजावरून सांगत होते. हा 'अरेरे' म्हणजे चेंडू हातातून निसटला. ही शिवी म्हणजे पंचाला. ही शांतता म्हणजे समोरचे पुढे गेले. एकदा सगळे एकसाथ कण्हले.

"बारक्याची लाथ चुकली," मी म्हटलं.

"मी म्हटलंच होतं!" आई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला हे सगळं नुसतं ऐकून कसं कळतं गं?"

"सवय आहे."

"कसली सवय?"

मी उत्तर देणार नव्हते. पण त्या बघत राहिल्या.

"सांगलीला स्वयंपाकघरातून ऐकायची," मी म्हटलं.

आईंचा हात टेबलावर होता तसाच राहिला.

आमचं लग्न झालं त्या वर्षी भारताची एक महत्त्वाची मॅच होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि उंबऱ्यात असतानाच आपला चांगला जमलेला फलंदाज बाद झाला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग दिरांनी, मग काकांनी, एकेक करून. आई माझ्या मागून स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू आतच थांब गं जरा." आवाज मऊ होता, रागाचा नव्हता. पुढच्या मॅचला कुणी काही म्हणालं नाही, मीच आत थांबले. त्यानंतर आम्ही सांगलीला गेलो आणि मॅच असली की मी भजी तळायची. कुणाच्या आरोळीचा अर्थ काय, ते मला तेलाच्या आवाजातूनही कळायला लागलं. माझे वडील मला लहानपणी सायकलवर बसवून मैदानावर मॅच बघायला न्यायचे, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. तसा कधी विषयच निघाला नाही.

वॉल्टच्या स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. खाली काहीतरी वाईट चाललं होतं, कारण कुणाचाच आवाज नव्हता.

"तुला बघायची असायची होय मॅच?" आईंनी विचारलं.

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आज बोललात का?"

त्या खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला, कबड्डीच्या कॅप्टनने खोचला असेल तसा.

"ऊठ."

"कुठं?"

"खाली. जिन्यावर अंधार आहे. मागं वळून कोण बघतंय? त्यांचे डोळे टीव्हीत."

"आई, हरले तर?"

"तू शास्त्र शिकलेली आहेस ना?" त्या पुटपुटल्या. "चल मग."

आम्ही अनवाणी उतरलो. जिन्याच्या मधल्या पायरीवर, दोघी एकमेकींना चिकटून बसलो. समोर पुरुषांची डोकी आणि त्यांच्यावर टीव्ही. बार्जमेन दोन गुणांनी मागे होते, वेळ संपत आली होती. खाली कुणी श्वासही घेत नव्हतं. भरतेशने जर्सीची कॉलर दातात धरली होती.

"पैलवान कुठाय?" आईंनी माझ्या कानात विचारलं.

"डावीकडून दुसरा."

"दिसला. दमलाय गं."

आपले थोडे पुढे सरकले, मग पाडले गेले, मग आणखी थोडे. मग ते थांबले आणि मैदानावर तो आला. किडकिडीत, स्वच्छ कपड्यांतला. एकटाच.

"हा बारका?" आई कुजबुजल्या. "आता याच्यावर सगळं?"

"याच्यावरच. मघाशी चुकलाय."

खाली कुणीतरी उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो वॉल्ट होता. भिंतीकडून त्याने नुसती मान वळवली असती तरी आम्ही दिसलो असतो. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की वर जावं, आत्ताच्या आत्ता. शास्त्रबिस्त्र सगळं वरच्या मजल्यावर राहिलं होतं. मी उठायला लागले तर आईंनी माझं मनगट धरलं. पकड कबड्डीतली होती.

"बस," त्या म्हणाल्या. "बघ."

बारक्याने लाथ मारली. चेंडू उंच गेला, मग तिरपा व्हायला लागला, खांबाकडे, अगदी खांबाकडे. आईंनी दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. चेंडू खांबाला लागला आणि आतल्या बाजूला पडला.

तळघर फुटलं. त्या गोंधळात आईंच्या तोंडून एक बारीक किंचाळी निसटली, ती कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघी तशाच उठलो आणि वर पळालो. आई, गुडघ्यांसकट, माझ्या पुढे होत्या. स्वयंपाकघरात येऊन आम्ही धापा टाकत खुर्च्यांवर बसलो. आईंनी टेबलावरची जपमाळ उचलली, डोळे मिटले.

दार ढकलून वॉल्ट आत आला. रडत होता. एवढा मोठा माणूस, नदीवर आयुष्य काढलेला, नाक ओढत माझ्या सासूबाईंच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि काहीबाही बोलत सुटला.

आईंनी एक डोळा उघडला. "काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, उपकार कसे फेडू. तुम्ही बघितलं नाहीत म्हणून जिंकलो."

आईंचा चेहरा जराही हलला नाही. "त्याला सांग, पुढच्या वर्षीपण मी अशीच बघणार नाही."

मी सांगितलं. वॉल्टने त्यांचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. त्याच्या मागे भरतेश उभा होता, डोळे भरून आलेला. आईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो डबा धुवायला गेला.

बुधवारी आई सांगलीला गेल्या. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेतून त्यांनी वळून दोन्ही हातांनी चेंडू खांबाला लागून आत पडल्याची खूण केली आणि मागच्या माणसाचा त्यांना धक्का लागला.

पुढच्या वर्षी आम्ही सांगलीला गेलो तेव्हा भारताची मॅच होती. बाहेरच्या खोलीत अण्णा, काका, दीर, सगळे जागा धरून बसलेले. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराकडे वळले.

"त्रिशला," आईंनी हाक मारली. त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. शेजारची जागा त्यांनी तळहाताने झटकली. "इथं बस."

मी बसले. तिसऱ्याच चेंडूला आपला फलंदाज बाद झाला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग काकांनी. मग दिरांनी.

"तिच्याकडं काय बघताय?" आई म्हणाल्या. "बॉल खाली राहिला. टीव्हीकडं बघा की."

अण्णांनी नजर टीव्हीकडे वळवली. त्या घरात हे कुणी पूर्वी बघितलेलं नव्हतं.

"भरतेश," आई म्हणाल्या, "भडंग संपलाय. ऊठ, आतून घेऊन ये."

भरतेश उठून आत गेला. पुढचा चेंडू नव्या फलंदाजाने सरळ प्रेक्षकांत भिरकावला. सगळी खोली उठून उभी राहिली. मीही. आतून भरतेशचा आवाज आला, "काय झालं? सिक्स? सिक्स का?" आणि तो डबा घेऊन उंबऱ्यापर्यंत धावत आला.

आईंनी टीव्हीवरून नजर न हलवता हात वर केला.

"तू आतच थांब रे जरा," त्या म्हणाल्या.